नाहीसे होते, म्हणजे कुठे जाते?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीविभाजनाचा धडा असतो. त्यात सांगितलेले असते की सुरुवातीला केंद्रकपटल नाहीसे होते आणि शेवटी, अंत्यावस्थेत, दोन नव्या केंद्रकांभोवती ते पुन्हा तयार होते. मुले पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात. मी कला शाखेची पदवीधर. आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले. त्यामुळे असेल, पण 'नाहीसे होते' या शब्दांपाशी मी थांबते. नाहीसे होते म्हणजे कुठे जाते? आणि परत येते ते कुठून? या प्रश्नाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो मला राजघराण्यांच्या इतिहासाइतकाच रंजक वाटतो.

1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ऑर्किडच्या पेशी पाहताना त्यांतल्या गोल ठिपक्याला केंद्रक हे नाव दिले. पुढे 1838 मध्ये श्लायडेन यांनी मांडले की आधी केंद्रक साकळते आणि मग त्याच्याभोवती पेशी उभी राहते. श्वान यांनी तर याची तुलना स्फटिक तयार होण्याशी केली. म्हणजे प्रत्येक केंद्रक शून्यातून नवे! 1855 मध्ये फिरखो यांनी ठासून सांगितले की पेशी पेशीपासूनच जन्मते. पण केंद्रकाचे काय? विभाजनाच्या वेळी ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनासेच होत असे. मग जुने मेले आणि नवे जन्मले, असे मानणारे बरेच होते.

उत्तर दिले वाल्टर फ्लेमिंग यांनी, जर्मनीतल्या कील शहरात. सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याच्या अळ्यांमधल्या मोठाल्या पेशी त्यांनी रंग देऊन तासन् तास न्याहाळल्या. केंद्रकातले रंग धरणारे द्रव्य विरघळून जात नाही, त्याचे धागे होतात, ते उभे चिरले जातात आणि दोन गटांत जमतात, हे त्यांनी पाहिले. पुढे हेच धागे आल्या पावली उलट जात पुन्हा केंद्रकाचे रूप घेतात. 1882 च्या ग्रंथात त्यांनी फिरखोंच्या वचनाला जोड दिली : केंद्रकही केंद्रकापासूनच येते.

धाग्यांचा हिशेब लागला. भिंतीचा राहिला. ती दोन पदरी असून तिला असंख्य रंध्रे आहेत हे 1950 च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. तिच्या आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांची जाळी अस्तरासारखी लावलेली असते. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लॅरी जेरास आणि गुंटर ब्लोबेल यांनी या जाळीचा माग काढला. विभाजनाच्या वेळी लॅमिनवर फॉस्फेटचे जादा कण चिकटतात आणि जाळी उसवते. प्रथिने मात्र नष्ट होत नाहीत, पेशीभर विखुरतात. फॉस्फेट उतरले की तीच प्रथिने परत येऊन नवी जाळी विणतात. पटलही असेच पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जाते आणि तिच्यातूनच परत येते.

खरी गंमत 1983 ची. डग्लस फोर्ब्स, मार्क किर्शनर आणि जॉन न्यूपोर्ट यांनी बेडकाच्या अंड्यात एका विषाणूचा डीएनए टोचला. जीवाणूंना ग्रासणारा हा विषाणू. त्याच्या डीएनएने सात जन्मांत केंद्रक पाहिलेले नाही. तरी अंड्याने त्याच्याभोवती पटल गुंडाळून केंद्रकासारखी रचना उभी केली! साहित्य तयारच होते. कुठे उभारायचे ते डीएनएने दाखवले.

पण हे काम वेळेत आणि नीट व्हावे लागते. पटलात राहिलेली भोके बुजवणारी प्रथिने 2015 मध्ये सापडली. सगळी गुणसूत्रे एकाच केंद्रकात यावीत म्हणून त्यांना बाहेरून एकत्र बांधणाऱ्या प्रथिनाचे काम 2017 मध्ये उलगडले. एखादे गुणसूत्र मागे राहिले तर त्याच्याभोवती वेगळे छोटे केंद्रक बनते. त्याची भिंत कच्ची असते, ती फुटते, आतल्या डीएनएच्या चिंध्या होऊ शकतात. काही कर्करोगांच्या मुळाशी ही पडझड असते. मागे राहिलेल्याचे पुढे काय होते, याची एवढी मोठी किंमत!

या ब्लोबेल यांच्याबद्दल आणखी थोडे सांगायला हवे. 1945 मध्ये, आठ वर्षांचे असताना, कुटुंबासह निर्वासित होऊन जाताना त्यांनी ड्रेस्डेन हे सुंदर शहर पाहिले होते. काही दिवसांतच बॉम्बवर्षावात ते जळाले. त्यांना 1999 चे नोबेल मिळाले (ते प्रथिने पेशीत आपापल्या जागी कशी पोहोचतात या शोधासाठी), तेव्हा ती रक्कम त्यांनी ड्रेस्डेनच्या पुनर्बांधणीसाठी दिली. तिथले फ्राउएनकिर्शे हे चर्च 2005 मध्ये पुन्हा उभे राहिले. ढिगाऱ्यातून वेचलेले काळवंडलेले जुने दगड त्याच्या भिंतीत नव्या फिकट दगडांशेजारी बसवले आहेत. ते वेगळे ओळखू येतात.

आपल्या पेशींमध्ये मात्र जुने दगड ओळखू येत नाहीत. हे लिहीत असताना माझ्या सत्तरी ओलांडलेल्या शरीरातही कुठे ना कुठे ही भिंत उसवते आहे आणि काही मिनिटांत पुन्हा विणली जाते आहे.