घरच्या वेधशाळेतले तेजोमेघ

तेजोमेघाचे पहिले छायाचित्र एका डॉक्टरच्या खासगी वेधशाळेत निघाले. न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन येथे ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश सुमारे पन्नास मिनिटे काचपट्टीवर साठवला. आधीच्या ओल्या पट्ट्या काही मिनिटांतच वाळून निकामी होत, त्यामुळे अंधुक वस्तूंचे चित्र घेणे शक्यच नव्हते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी सुचवलेल्या कोरड्या जिलेटिन पट्टीने ती अडचण दूर केली.

खरा कस लागे तो दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवण्यात. लंडनजवळच्या ईलिंगचे अँड्र्यू कॉमन पेशाने आरोग्य अभियंता. घराच्या बागेत त्यांनी ३६ इंच आरशाची दुर्बीण उभारली आणि तिचा जड अक्ष सहज फिरावा म्हणून त्याचा भार पाऱ्यावर तोलला. तरीही चालनयंत्र थोडे चुकेच. म्हणून पट्टीची चौकटच स्क्रूंनी सरकेल अशी त्यांनी केली. एका ताऱ्यावर नजर रोखून ती हाताने सावरत राहायची, थंडीतही. ३० जानेवारी १८८३ च्या त्यांच्या मृग-चित्रात दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, पट्टी साठवते, हे त्या चित्राने निर्विवाद दाखवले. पुढल्या वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमन यांना सुवर्णपदक दिले.

लिव्हरपूलचे बांधकाम व्यावसायिक आयझॅक रॉबर्ट्स यांनी डिसेंबर १८८८ मध्ये २० इंची दुर्बिणीने, तेव्हा तेजोमेघच मानल्या जाणाऱ्या देवयानीचे चित्र घेतले. त्यात तिचे सर्पिल रूप प्रथमच स्पष्ट झाले. ही जन्माला येणारी सूर्यमाला आहे, असा त्यांचा समज झाला. ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी सिद्ध केले.

चित्रे मिळाली, पण तेजोमेघ कशाने प्रकाशतो हे वर्णपटानेच कळणार होते. इथे पुण्याचा संबंध येतो. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभ्या राहिलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाची प्रमुख हिरवी रेषा तपासली. ती मॅग्नेशियमच्या वर्णपटातल्या पट्ट्याची कड असल्याचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर म्हणत. नायगमवालांना ती स्वच्छ, काटेकोर दिसली, म्हणजे ती पट्ट्याची कड नव्हती. मराठी वाचकाने हे काम विसरू नये. अतिविरळ वायूतला, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ती रेषा देतो, हा उलगडा १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी केला.

आजच्या हौशी निरीक्षकाचा गाळक नेमका याच ५००.७ नॅनोमीटरच्या प्रकाशाला वाट देतो आणि शहराच्या दिव्यांचा बराचसा उजेड अडवतो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेली, प्रकाश टिपणारी सीसीडी चिप पुढे हौशी मंडळींच्या हाती आली. मार्गदर्शक ताऱ्यावरची नजर आता दुसरा छोटा कॅमेरा ठेवतो आणि अनेक रात्रींच्या शेकडो प्रतिमा संगणकावर एकत्र केल्या जातात.

मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या जर्मन-फ्रेंच हौशी निरीक्षकांना २०२२ मध्ये ऑक्सिजनच्या त्याच रेषेच्या प्रकाशात देवयानी दीर्घिकेशेजारी एक अंधुक कमान सापडली. २०२३ मध्ये तिचा शोध जाहीर झाला. ती सुमारे दीड अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या तिप्पट लांब आहे. रॉबर्ट्स यांच्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत आकाशाचा हा भाग असंख्य वेळा टिपला गेला होता, पण तिची नोंद कोणीच केली नव्हती.