हिपॅटायटिस बी : ‘पॉझिटिव्ह’ नेमके काय?

रक्ताच्या अहवालात ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसताच अनेकांच्या छातीत धस्स होते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत मात्र कोणती चाचणी पॉझिटिव्ह आली, यावर सारे अवलंबून असते.

एचबीएसएजी हे या विषाणूच्या आवरणावरील प्रथिन. ते रक्तात आढळल्यास संसर्ग आहे असे समजावे. सहा महिन्यांनंतरही ते टिकून राहिले तर संसर्ग दीर्घकालीन मानला जातो. अँटी-एचबीएस म्हणजे त्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे. ही पॉझिटिव्ह असणे हे संरक्षणाचे लक्षण आहे. नावे इतकी सारखी, की सुशिक्षितांचाही घोटाळा होतो.

तिसरी चाचणी अँटी-एचबीसीची. ही प्रतिपिंडे विषाणूच्या गाभ्याविरुद्धची असतात. लशीत गाभ्याचा अंश नसल्याने ती प्रत्यक्ष संसर्गानंतरच निर्माण होतात. म्हणून केवळ अँटी-एचबीएस असेल तर ते लशीचे फळ. दोन्ही प्रतिपिंडे असून एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर आजार होऊन गेलेला असतो. अशा व्यक्तीच्या यकृतात विषाणू सुप्तावस्थेत राहू शकतो. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू होण्यापूर्वी ही बाब डॉक्टरांना अवश्य सांगावी, कारण तो पुन्हा उसळू शकतो.

लशीचे डोस पूर्ण झाल्यावर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस प्रति मिलिलिटर 10 मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा अधिक असल्यास लस लागू पडली, असे मानतात. सरसकट सर्वांनी ही तपासणी करण्याची गरज नाही. आरोग्य कर्मचारी, डायलिसिसवरील रुग्ण, बाधितांचे जोडीदार यांनी ती करावी.

पुढे काही वर्षांनी हा आकडा 10 च्या खाली घसरतो आणि लोक बूस्टरसाठी धाव घेतात. पूर्वी एकदा पुरेशी पातळी गाठलेल्या निरोगी व्यक्तीला त्याची गरज नसते. प्रतिपिंडे ओसरली तरी पेशींची स्मृती शाबूत असते आणि विषाणू शिरताच त्या पुन्हा प्रतिपिंडे तयार करतात. डायलिसिसच्या रुग्णांचे मात्र तसे नाही. त्यांची दरवर्षी तपासणी करून गरजेप्रमाणे बूस्टर देतात.

आणखी एक गोष्ट. लशीतील प्रथिन एचबीएसएजीच असल्याने डोस घेतल्यावर सुमारे अठरा दिवसांपर्यंत ती चाचणी क्वचित पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तदानापूर्वी किंवा तपासणीपूर्वी लशीची तारीख सांगावी.