मेख आणि मुक्काम

ग्वाल्हेरच्या लष्करात जन्मलेल्या आम्हां मंडळींना गावाचे नावच ‘लष्कर’ असण्यात काही विशेष आहे, असे लहानपणी कधी वाटले नाही. दौलतराव शिंदे यांचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस पडला, तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी ओवऱ्या आल्या, कनातींच्या जागी भिंती आल्या. ‘कंपू’ हा फौजेतला शब्द एका वस्तीचे नाव होऊन बसला.

तळ उठायचा म्हणजे मेखा उपटायच्या. मेखेचा विचार आम्ही मनावर घेतला, त्याचे कारण मात्र घरगुती आहे. आमचा वाडा विकायचा ठरला तेव्हा तळघरात लोखंडी मेखांचे एक गाठोडे सापडले. मोजल्या तर सतरा. प्रत्येकीची लांबी हातभर, डोक्याशी दोर अडकविण्यास आकडा. त्याच सुमारास कुलवृत्तांताचे काम चालू होते. मूळ पुरुष ‘शिलेदार’ होते असे त्यात लिहायचे, हे सर्वांनी गृहीत धरले होते. खरी मेख इथेच होती.

फौजेबरोबर घोडी असत, तशाच राहुट्याही असत, आणि दोहोंना मेखा लागत. घोडे अगाडी-पिछाडीने बांधायचे तर त्यास दोन-तीन मेखा पुरत. डेऱ्याचे तसे नव्हे. अबुल फजलने ‘आइने अकबरी’त बादशाही तळाची जी यादी दिली आहे, तीत नुसत्या सामानाच्या वाहतुकीस १०० हत्ती, ५०० उंट व ४०० गाडे, आणि डेरे उभारण्यास १००० फरास सांगितले आहेत. मराठ्यांनी हा थाट पुष्कळ आटोपशीर केला. पण फरासखाना हे खाते राहिलेच. पुण्यात ते नाव आजही एका पोलीस चौकीला आहे.

शिंद्यांच्या तळाचे वर्णन ब्रिटिश वकिलाच्या रक्षकदलाचा अधिकारी ब्रॉटन याने १८०९ सालच्या पत्रांत केले असून ती १८१३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. बिनीवाला पुढे जाऊन जागा नक्की करी आणि महाराजांच्या देवडीसाठी लहानसे पांढरे निशाण रोवी, असे तो लिहितो. निशाण रोवले की पुढचे काम फरासांचे. कारण जागा बिनीवाल्याने निवडली तरी जमीन काय म्हणते, ते मेख ठोकणाऱ्यालाच प्रथम कळते. माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. तिथे लोखंडाची बारीक मेख काही कामाची नाही, बाभळीची जाड व लांब खुंटीच हवी. मुरमात लाकूडही धरते. खडकाळ जमिनीत बाभळीचे टोक फुटते, तिथे लोखंडच चालते. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूस कलती ठोकायची, म्हणजे ताण दांड्यावर आडवा येतो. शिवाय अंबाडीचा किंवा सुताचा दोर भिजला की आखडतो. पाऊस लागताच तणावे सैल केले नाहीत, तर दोर स्वतःच मेखा उपटून काढतो.

रेतीचा धडा आम्ही स्वतःच्या फजितीतून घेतला. नायब तहसीलदार असताना, १९८० च्या दशकात, सिंध नदीकाठी पूरग्रस्तांसाठी छावणी घालण्याचे काम आमच्याकडे आले होते. जागा आम्हीच निवडली, कारण ती सपाट दिसली. नजारतीतल्या म्हाताऱ्या खलाशाने “साहब, रेत में खूँटी नहीं, गठरी गाड़ते हैं” असे दबक्या आवाजात सांगून पाहिले. आम्ही पदवीधर होतो, ऐकले नाही. रात्री वारा सुटला आणि तीन तंबू बायकामुलांच्या अंगावर आले. कोणास इजा झाली नाही, हे नशीब. पहाटे त्याच खलाशाने झुडपांच्या मोळ्या बांधल्या, त्यांना दोर अडकवून त्या आडव्या पुरल्या, वर रेती दाबली. पुढचे अकरा दिवस एकही दोर ढिला झाला नाही. अहवालात आम्ही ‘वादळी वारा’ एवढेच कारण लिहिले होते, याची आज लाज वाटते.

कुलवृत्तांताच्या बैठकीत आम्ही आमचे म्हणणे मांडले : सतरा मेखा, सर्व एका घडणीच्या, तेव्हा आपला पूर्वज बहुधा फरासखान्याकडचा कारकून असावा. थोरले चुलत बंधू म्हणाले, “अरे, म्हणजे आपल्याकडे सहा घोडी होती!” सगळे हसले. पण त्यांचा राग खरा होता. शिलेदाराचे रक्त आणि कनातींचा हिशेब यांत त्यांच्या लेखी फार अंतर होते. आमचा पुरावाही लंगडाच, हे कबूल केले पाहिजे. लोखंड टिकते म्हणून ते सापडते. लाकडाच्या मेखा कुजल्या, नाहीतर चुलीत गेल्या. तेव्हा उरलेल्या सतरांवरून मूळ संख्या कशी काढणार? अखेर कुलवृत्तांतात ‘शिलेदार’ हा शब्द गाळून ‘शिंद्यांच्या तळाबरोबर आले’ इतकेच छापले. बंधू त्यानंतर वर्षभर आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

मेखा आम्ही घराघरांत वाटून टाकल्या. अठरावी परसात होती, कपड्यांच्या दोरीसाठी कोणी केव्हा ठोकली कोण जाणे. वाडा पाडणाऱ्या मजुरांनी ती उपटून पाहिली. निघाली नाही, तेव्हा वरून कापून टाकली.