अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा : उपचारकाळातील नैराश्य
अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या आहारविकारातून बरे होताना जाणवणारी उदासी, चिडचिड व निराशा. दीर्घ उपासमार हे तिचे एक प्रमुख कारण. उपासमारीचे परिणाम अभ्यासण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. ते खिन्न व एकलकोंडे झाले, ताटे चाटू लागले, पाककृती जमवू लागले. आहार वाढवल्यावरही अनेकांचे मन लगेच सावरले नाही. या आहारविकाराच्या रुग्णांत वाढत्या वजनाची भीती या उदासीत भर घालते. वजन फार कमी असताना नैराश्यावरील औषधांचा उपयोग मर्यादित असतो. म्हणून पुरेसा आहार, मानसोपचार व कुटुंबाची साथ आवश्यक ठरते. आत्महत्येचे विचार आल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.