सोंगाड्याकडून अपेक्षा

दादा कोंडके यांचा चित्रपट पाहायला साहित्याचा अभ्यासक बसतो, तो बहुधा फारशी अपेक्षा न ठेवता. लोंबत्या नाडीची ढगळ अर्धी चड्डी, द्व्यर्थी संवाद आणि धडपड, एवढेच त्याने गृहीत धरलेले असते. आम्हांला वाटते, या कमी अपेक्षेलाही इतिहास आहे.

तमाशाच्या वगात सोंगाड्या मूर्ख म्हणूनच येतो. त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा नसते, म्हणून तर राजाची टोपी उडवण्याची मुभा त्याला मिळते. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधला दादांचा हवालदार याच मुभेवर उभा होता. ताज्या राजकारणावरचे त्याचे उत्स्फूर्त टोले प्रयोगागणिक बदलत. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ची कथाही सबनीसांचीच, परंपरेचे नाव तर शीर्षकातच आहे.

मात्र फीत प्रयोगागणिक बदलत नाही. त्या दिवसाच्या बातमीला त्याच रात्री उत्तर देण्याची सोय पडद्यावर संपली. श्लेष तेवढा उरला. वगात राजावर रोखलेला तो श्लेष पुढच्या चित्रपटांत वरचेवर स्त्रीदेहाकडे वळला. ही हानी मान्य केलीच पाहिजे.

तरीही ‘विच्छा’ला वाङ्मयेतिहासात मानाचे पान द्यायचे आणि ‘सोंगाड्या’पुढे नाक मुरडायचे, ही वाटणी आम्हांला पटत नाही. लेखक तोच, विदूषकही तोच. बदलले ते माध्यम. त्यात काय टिकले आणि काय गळले, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.