बाबागाडीने मोजलेला रस्ता

लेक दोन महिन्यांची झाली तेव्हा मी एक्सेल शीट उघडली. चौदा बाबागाड्या, नऊ रकाने. वजन, घडी घातल्यावरची लांबी, चाकांचा व्यास, पाठ किती सपाट होते, एका हाताने घडी होते का, वगैरे. प्रत्येक रकान्याला वेटेज. शेवटी एकूण गुण. ऑफिसात क्लाउडचा व्हेंडर निवडतानाही मी इतकी मेहनत घेतली नव्हती.

बायको दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिने स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "ही ढकलणार कोण? आणि कुठे?"

दोन्ही प्रश्नांना माझ्या शीटमध्ये रकाना नव्हता.

तिच्या विचारण्यामागे कारण होतं. सव्वा महिना माहेरी एका खोलीत गेला. त्यानंतर आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला. सिझेरियन झाल्यामुळे बाळाला कडेवर घेऊन दहा मिनिटं चाललं तरी तिची कंबर धरायची. ती म्हणाली, "मला हिला घेऊन एकटीला खाली जाता आलं पाहिजे. तू कधी येतोस याची वाट न बघता." गावाहून आलेल्या आजीला हे सगळंच अजब वाटत होतं. "कडेवर घ्यायचं मूल. गाडीत काय घालता? भाजी आहे का ती?"

मला कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा इतिहास वाचायची खोड आहे. रात्री लेकीला मांडीवर घेऊन मोबाइलवर वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की बायकोचे ते दोन प्रश्न बाबागाडीच्या इतिहासात सुरुवातीपासून आहेत. प्रत्येक काळातल्या गाडीने त्यांचं एकेक उत्तर दिलंय.

पहिलं उत्तर होतं: बकरी, आणि स्वतःच्या बागेत. १७३३च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी तयार केली. शिंपल्याच्या आकाराची बैठक, आणि पुढे बकरी किंवा लहानसं तट्टू जुंपायची सोय. केंट मोठमोठ्या बागांची आखणी करणारा माणूस. त्यामुळे गाडीसाठी गुळगुळीत वाट हवी, ही अडचण त्या घराण्याला नव्हतीच. वाट त्यांची, बकरी त्यांची.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर आली ती सुमारे एकशेवीस वर्षांनी. १८५३ साली चार्ल्स बर्टन याने लंडनमध्ये मागून ढकलायच्या गाडीचं पेटंट घेतलं. ओढायच्या गाडीत मूल पाठीमागे राहतं. ढकलायच्या गाडीत ते डोळ्यांसमोर असतं. आज वाटतं, यात काय मोठं? पण गर्दीच्या शहरात हाच बदल कामाचा होता.

या गाडीचं नाव पडलं 'पेरॅम्ब्युलेटर'. त्याचंच पुढे 'प्रॅम' झालं. गंमत म्हणजे हा शब्द त्याआधी एका वेगळ्याच वस्तूसाठी वापरात होता. जमीनमोजणी करणारे लोक दांड्याला लावलेलं एक मोठं चाक रस्त्यावरून ढकलत न्यायचे. चाकाचे फेरे मोजले की अंतर कळायचं. त्या चाकाचं नाव पेरॅम्ब्युलेटर. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आपल्याकडचे रस्तेही या चाकाने मोजले गेले. म्हणजे मूल फिरवण्याच्या गाडीला रस्ता मोजणाऱ्या यंत्राचं नाव मिळालं. हे मला पुढे फार आठवत राहिलं.

१८७७मध्ये विल्यम विल्सनने लीड्समध्ये सिल्व्हर क्रॉस कंपनी सुरू केली. स्प्रिंगांवर झुलणाऱ्या, मोठ्या चाकांच्या या प्रॅम घोडागाडीच्या चुलत बहिणी शोभतील अशा होत्या. जिने चढणं, बसमध्ये घालणं त्यांच्या नशिबात नव्हतं, कारण ज्या घरांसाठी त्या बनत तिथे गाडी ठेवायला जागा होती आणि ढकलायला पगारी दाई. दुसरं उत्तर हे: नोकर, आणि शहरातल्या बागेत.

याच उत्तराचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. आपण 'बाबागाडी' म्हणतो. त्यातला 'बाबा' म्हणजे वडील नव्हे, लहान मूल. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात मुलांना 'बाबा' म्हणायची पद्धत होती. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या वापराची नोंद आहे. आणि साहेबांच्या घरातल्या या 'बाबा'ला सांभाळायची ती आया.

साहेब विलायतेला निघाला की बोटीवर मुलांना सांभाळायला आयाही सोबत जायची. तिकडे पोचल्यावर काही कुटुंबं तिला परतीचं तिकीट न देताच मोकळी करायची. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं वसतिगृह होतं. १९००पासून ते हॅकनी भागात होतं. २०२२मध्ये तिथल्या इमारतीवर निळी स्मृतिपाटी लागली. दुसऱ्याच्या मुलांना हजारो मैल पोचवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरी पोचवायला कुणी नव्हतं. 'ढकलणार कोण?' हा प्रश्न तेव्हापासून वाटतो तितका साधा नाही.

आपल्या घरांतही मूल सांभाळायला चाकं होती, पण वेगळ्या कामाला. पांगुळगाड्याला तीन लाकडी चाकं. मूल आत बसत नाही, धरून उभं राहतं आणि स्वतः ढकलतं. बाकी वेळ कड, पाठुंगळी, आणि शेतात झाडाला बांधलेली झोळी. आजीचं म्हणणं त्या अर्थाने बरोबरच होतं. पण तिच्या कडेवरचं मूल दिवसभरात चार कडांवर फिरायचं. आत्या, काकू, शेजारीण, थोरली बहीण. आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी बारा वाजता एकच कड असते, आणि तिला टाके पडलेले असतात.

तिसरं उत्तर एका निवृत्त इंजिनिअरने दिलं, आणि इथे मी मोबाइल बाजूला ठेवून लॅपटॉप घेतला. ओवेन मॅक्लारेन. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला माणूस. १९६०च्या दशकात त्याची मुलगी परदेशातून नातवंडाला घेऊन आली. जड बाबागाडी घेऊन तिची प्रवासात होणारी फरपट त्याने पाहिली. १९६५मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९६७पासून नॉर्थॅम्प्टनशरमधल्या बार्बी गावी, घराजवळच्या तबेल्यात, गाड्या तयार होऊ लागल्या. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पट्टेदार कापड, वजन सुमारे ३ किलो.

विमानाच्या चाकांचं काम काय असतं? उतरताना सगळा भार पेलायचा आणि उडताना पंखात गपचूप मावायचं. मॅक्लारेनने तेच गणित बाबागाडीला लावलं. आधीच्या घडीच्या गाड्या बहुतेक एकाच दिशेने चपट्या व्हायच्या. याने नळ्या फुलीसारख्या जोडल्या, त्यामुळे गाडी रुंदीतही मिटते आणि पुढून-मागूनही. छत्रीसारखी. मिटली की काठी, उघडली की खुर्ची. मूल एका हातावर, गाडी दुसऱ्या हातात, आणि आई बसमध्ये. कुणाच्या मदतीशिवाय. माझ्या शीटमधल्या 'एका हाताने घडी' या रकान्यामागे बापाने पाहिलेली मुलीची दमछाक होती.

पण प्रत्येक डिझाइनमध्ये काहीतरी द्यावं लागतं, हे आम्हाला कामात रोज दिसतं. जिथे नळ्या मिटतात तिथे फट असते, आणि फटीत बोट जातं. नोव्हेंबर २००९मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनच्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागऱ्यांवर लावायची आवरणं द्यावी लागली. तोवर १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

दुसरी किंमत लगेच दिसत नाही. १८८९मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने अशा गाडीचं पेटंट घेतलं होतं, जिची बैठक फिरवून मुलाचं तोंड ढकलणाऱ्याकडे करता येई. छत्रीसारख्या घडीत ही सोय बसेना. सांगाडा हलका ठेवायचा तर बैठक एकाच दिशेला, समोर. मुलं रस्त्याकडे बघू लागली आणि आयांच्या, आजोबांच्या, बापांच्या चेहऱ्यांकडे पाठ झाली. डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८मध्ये ब्रिटनमधल्या अडीच हजारांहून जास्त पालक-मूल जोड्यांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. मूल समोरासमोर असेल तर पालक त्याच्याशी दुपटीहून अधिक वेळा बोलत होते. मी शीटमध्ये नवा रकाना टाकला: 'तोंड कुठे?' त्याला सगळ्यात जास्त वेटेज दिलं.

उरला बायकोचा दुसरा प्रश्न: कुठे?

इथे अकरावीचं फिजिक्स पुरतं. कडक चाक पुढे ढकलून पायरीवर चढवायचं असेल, तर पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येपेक्षा कमी हवी. नाहीतर कितीही जोर लावा, ते चढत नाही, उचलावंच लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फूटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. माझ्या यादीतल्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकाची त्रिज्या ७५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे फूटपाथ अगदी नियमाप्रमाणे बांधला, तरी या गाड्या उतार नसेल तिथे चढणार नाहीत. १९८४मध्ये अमेरिकेत फिल बेकलर नावाच्या एका बापाला मुलाला घेऊन पळायला जायचं होतं. त्याने गाडीला सरळ सायकलची चाकं लावली. तो उपाय चालतो, पण ती गाडी आमच्या लिफ्टमध्ये बसवायची तर लिफ्टमध्ये दुसरं कुणी नको.

खरा उपाय गाडीत नाहीच, रस्त्यात आहे. फूटपाथच्या टोकाला उतार. आणि तो उतार आईबापांनी मिळवलेला नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या अपंग तरुणांनी तो शहराकडे मागितला, लावून धरला. त्यांच्यासाठी कापलेल्या कडांवरून पुढे बाबागाड्या, सामानाच्या ट्रॉल्या, काठी टेकत चालणारे आजोबा असे सगळेच जाऊ लागले. आपल्याकडेही २०१६चा दिव्यांग हक्क कायदा रस्ते आणि इमारती सगळ्यांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असं सांगतो. आयुष्याची एकोणतीस वर्षं मी दोन पायांवर फूटपाथ चढलो-उतरलो. तो चढावा लागतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी आमच्या गेटपासून बागेपर्यंत चाललो. ७०० मीटर. मोबाइलमध्ये नोंद करत गेलो. गाडी कुठे कुठे उचलावी लागेल? अकरा ठिकाणी. तीन उंच कडा, दोन उखडलेले पेव्हर ब्लॉक, चेंबरचं वर आलेलं झाकण, डीपी बॉक्स, दोन ठिकाणी फूटपाथवर लावलेल्या दुचाकी, चहाची टपरी, आणि दुचाकी घुसू नयेत म्हणून लावलेले खांब, ज्यांच्यामधून बाबागाडीही जाणार नाही. त्या दुचाकींपैकी एक माझ्या ओळखीची होती. मीसुद्धा तिथेच लावतो, दुधाची पिशवी घ्यायला जाताना.

घरी येऊन बायकोला यादी दाखवली. तिने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे गाडी मला उचलता आली पाहिजे. बाळासकट."

शीटमध्ये पहिल्या नंबरावर असलेली गाडी १३ किलोची होती. ती बाद. मग आम्ही दुकानात गेलो आणि लेकीच्या वजनाएवढी साडेपाच किलोची तांदळाची पिशवी आत ठेवून गाड्या उचलून पाहिल्या. उचलायचं काम बायकोनेच केलं. मी फक्त पिशवी धरून उभा होतो. घेतली ती ७ किलोची. पाठ पूर्ण सपाट होते, कारण बाळ बसायला लागेपर्यंत ते हवंच. तोंड आपल्याकडे करता येतं. एका हाताने घडी होत नाही. दोन हात लागतात. तेवढं सोडलं.

पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं जंगली महाराज रस्त्यावर गेलो. तिथला फूटपाथ रुंद केलेला आहे. गाडी एकदाही उचलावी लागली नाही, आणि लेक अर्ध्या वाटेत झोपली. पण खरी गोष्ट त्यानंतरच्या बुधवारी झाली. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. बायकोचा फोटो आला. बागेतला बाक, समोर गाडी, गाडीत जागी लेक, आणि खालच्या जाळीत कोथिंबिरीची जुडी. फोटोखाली एवढंच: "नऊ वेळा उचलली. दोन गाड्या आज नव्हत्या."

संध्याकाळी आजीला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला. "भाजी पण घातलीच शेवटी," म्हणाली. आणि मग, "उद्या मला पण घेऊन जा म्हणावं. धरून चालायला बरं पडेल."

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून गेल्या. गाडी आजीने ढकलली. उरलेल्या नऊ जागांची यादी फोटोंसकट मी नगरसेवकाच्या कार्यालयात द्यायला तयार ठेवली आहे. माझी दुचाकी आता सोसायटीच्या आतच असते. दूध मी चालत आणतो.