बेलवलकरांचा रंगमंच आणि पडदा

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी रंगमंचावर आले. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि अप्पासाहेब बेलवलकर ही नायकाची भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ही भूमिका केली. आमच्या घरात प्रत्येकाचा बेलवलकर वेगळा होता आणि जेवणाच्या ताटावर त्यावरून वाद रंगत.

१ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकरांचा याच नाटकावरचा चित्रपट आला आणि तोच वाद नव्या पिढीत पेटला. माझे काका म्हणाले, नाना पाटेकर अप्पासाहेब कमी आणि नाना जास्त वाटतात. लागूंना न पाहिलेली माझी भाची मात्र डोळे पुसतच बाहेर आली. रुग्णालयातल्या खाटेवर विक्रम गोखल्यांनी साकारलेले अप्पासाहेबांचे मित्र रामभाऊ आणि नाना कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतात, तिथे काकाही गप्प झाले होते.

मला दोघांचेही म्हणणे पटते. नाटकातली स्वगते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी लिहिलेली आहेत. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की तोच आवेश अंगावर येतो. पण दोन मित्रांच्या त्या प्रवेशात कॅमेऱ्याने जे टिपले, ते बाल्कनीतल्या प्रेक्षकाला कधीच दिसले नसते.

शिरवाडकरांच्या संहितेत रंगमंच आणि पडदा हे दोन्ही पेलण्याची ताकद आहे. म्हणून चित्रपट आवडलेल्यांनी नाटकाचे पुस्तक वाचावे आणि प्रयोग लागला तर तिकीट काढून जरूर जावे.